एका मात्रेसाठी बीडला

"बीडला कशाला?" मुलीनं विचारलं, तेव्हा "सीताफळं खायला" असं सांगून मी सुटका करून घेतली. दिवाळीआधीच्या त्या दिवसांत पुण्यातही गल्लोगल्ली सीताफळांच्या पाट्या बसलेल्या असतात. तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला.

खरं कारण असं, की बीडमध्ये युसूफ नावाचा माझा एक जुना विद्यार्थी राहतो. चाळीसेक वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. तिथं भर सभेत मी त्याच्यावर एक आळ घेतला. तो खोटा होता. आधी मला ते माहीत नव्हतं, मग कळलं, आणि कळल्यावरही मी गप्प राहिलो. ते त्याला तोंडावर सांगायचं, एवढ्यासाठी हा प्रवास. परत आल्यावर लिहायला बसलो आहे, ते ज्यांनी ती गोष्ट ऐकली असेल त्यांनाही खरं काय ते कळावं म्हणून.

कडा

अहिल्यानगर सोडून बस आष्टी तालुक्यात शिरली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस आळीपाळीनं दिसू लागतो. यंदा पाऊस इतका झाला होता की कापसाची बोंडं झाडावरच काळी पडली होती. कड्याला उतरलो. गाव मोठं, साखर कारखान्याचं. उसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू व्हायला अजून अवकाश होता. मला इथल्या एका गोठ्यात जायचं होतं. त्या गोठ्यातल्या बैलाचं रक्त मी एकदा काढून नेलं होतं.

गोठ्याचे मालक वारले होते. त्यांचा मुलगा ज्ञानोबा, आता तोही साठीपलीकडचा, ओट्यावर बसला होता. ओळख सांगितली तशी तो उठून उभा राहिला.

"रक्तवाले मास्तर! आव, तुमी रक्त काढून गेलात अन् आमचा बैल दोन दिस वैरणीला तोंड लावंना. दादा तुमाला लई शिव्या द्यायचे."

"बैल कुठाय आता?"

"बैल? ट्रॅक्टर हाय. त्याचं काय काढायचं ते काढा!"

सुनेनं जेवायला वाढलं. शेंगोळी होती. आमच्या कोकणात कुळथाची पिठी करतात, पातळ आणि गुळगुळीत. तिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. इथं त्याच कुळथाला हुलगा म्हणतात. त्याच्या पिठाच्या वळ्या वळतात आणि लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्शात शिजवतात. धान्य एकच; पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सून पदराआड हसली.

हात धुताना ज्ञानोबानं विचारलं, "पर मास्तर, तवा ते रक्त कावून नेलतं?"

मी त्याला सांगितलं, ते वाचकांनाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. त्यात घटक चारच: ए, टी, जी आणि सी. ए नेहमी टीशी जोडी करतो, जी सीशी. म्हणून ए जितका तितकाच टी, आणि जी जितका तितकाच सी. यीस्टमध्ये पाहा, कोंबडीत पाहा, माणसात पाहा, हा हिशेब सगळीकडे सारखा. वेगळं असतं ते दोन प्रकारच्या जोड्यांचं आपसातलं प्रमाण. कुठं ए-टी जोड्या फार, कुठं जी-सी. मातीतले काही जिवाणू जी-सीनं गच्च भरलेले असतात. आणि एकाच प्राण्याचं रक्त घ्या किंवा यकृत घ्या, त्याला उपाशी ठेवा, म्हातारा होऊ द्या, त्याचं प्रमाण हलत नाही. बीड जिल्ह्यातल्या सजीवांचं हे प्रमाण मोजून शेजारी शेजारी मांडायचं, असं युसूफनं आणि मी ठरवलं होतं: ज्वारी, कोंबडी, नदीतला मासा, शेतातल्या मातीतला जिवाणू, कड्याचा बैल आणि नारायणगडावरचा बेल.

ज्ञानोबानं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग आमच्या बैलाचा निकाल काय लागला?"

"तो बेलाच्या नावावर गेला," मी म्हणालो. "चिठ्ठी चुकली."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. परक्या माणसाला सांगणं किती सोपं, हे मला तिथं कळलं.

पाटोदा

पाटोद्याला बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या गोण्या, शेळ्या, प्लास्टिकच्या घागरी, सगळं एकाच रस्त्यावर. माझा दुसरा विद्यार्थी दत्ता इथला. तो युसूफच्याच वर्गात होता. पुढं राजकारणात गेला. आज त्याच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असतात. पुण्यात आपण कोणाकडे जाताना आधी फोन करतो. इथं फोन न करता येणं हा हक्क आहे, आणि आलेल्याला जेवू घातल्याशिवाय सोडणं हा अपमान.

"हे आमचे सर," दत्तानं कार्यकर्त्यांना सांगितलं. "यांनीच तो बैल-बेलचा किस्सा केलता. सांगितलाय ना तुमाला?"

"सांगा ना भाऊ, पुन्ना सांगा," एकजण म्हणाला.

दत्तानं सांगितला, आणि चांगला सांगितला. वार्षिक परिसंवाद, बाहेरून आलेले मोठे प्राध्यापक, फळ्याजवळ उभा युसूफ. त्याच्या तक्त्यात बैलाचं प्रमाण झाडासारखं आणि बेलाचं जनावरासारखं. बैलाचं प्रमाण तर जगभर मोजलेलं, पुस्तकात छापलेलं. पाहुणे म्हणाले, हे काय? "अन् आपले सर उठले," दत्ता म्हणाला, "अन् म्हणले, 'माफ करा, हा उर्दू शाळेतून आलाय. याला एक मात्रा अन् दोन मात्रा सारख्याच. बेल न् बैल एकच!' सगळा हॉल हसून हसून लोळला! मंग वर्षभर त्याला कॉलेजात बैलच म्हणायचे."

ओसरी हसली. ते वाक्य मी शब्दशः असंच बोललो होतो. इतकी वर्षं ते पाटोद्याच्या ओसरीवर जिवंत होतं. खरं काय ते सांगणं त्या घोळक्यासमोर मला जमलं नाही, हे इथं नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता एकटा दात घासत अंगणात उभा होता, तेव्हा मी त्याला सांगितलं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या युसूफनं लिहिल्याच नव्हत्या. पाला वाटणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करणं, डीएनए शुद्ध करणं, ही कामं मी केली. शुद्ध केलेला डीएनए पाण्यासारखा नितळ. दोन्ही नळ्या दिसायला सारख्या. विभागात चिठ्ठ्या मराठीतच लिहायच्या हा माझाच हट्ट, आणि त्या दिवशी घाईत बेलाच्या नळीवर दोन मात्रा आणि बैलाच्या नळीवर एकच देणाराही मीच. युसूफनं जे हातात दिलं ते इमानानं मोजलं.

दत्तानं चूळ भरली.

"सर, जुनं झालं हो. आता कावून उकरायचं?"

"तू अजून सांगतोस ना? मग जुनं कसं?"

"मी तर भाषणातबी सांगतो," तो कसनुसं हसत म्हणाला. "लोक खूश होतात." मग ब्रशकडे पाहत तो पुटपुटला, "त्यानं कधी एका शब्दानं म्हणलं न्हाई. भेटला की 'काय बे दत्ता' म्हणतो."

त्यानं मला जीप दिली. सोबत मात्र आला नाही.

नारायणगड

बीडला जाण्याआधी मी गाडी गडाकडे वळवायला सांगितली. पायऱ्यांवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात धरून तापलेल्या फरशीवरून तुरुतुरु चालणारा म्हातारा पाहून पूजेचं ताट घेतलेल्या दोन बायका बाजूला झाल्या. "बाबा, सावलीसावलीनं चला," त्यातली एक म्हणाली. मी कुठला, ते तिनं विचारलं. पुण्याचा म्हटल्यावर "मंग बरूबरच" असं म्हणून ती पुढं गेली. त्यात काय बरोबर होतं ते मला अजून कळलेलं नाही.

देवळामागे बेलाचं झाड आहे. आम्ही पानं तोडली तेच की दुसरं, सांगता येणार नाही. त्याच्या सावलीत पाय निवेपर्यंत बसलो. वाऱ्यावर खालून भजनाचे सूर येत होते. जे दत्ताला सांगितलं नव्हतं ते मला तिथं स्वतःशी नीट जुळवून पाहायचं होतं.

परिसंवादानंतर चार-पाच दिवसांनी युसूफ माझ्या खोलीच्या दाराशी आला. आत आला नाही. म्हणाला, "सर, फ्रीजमध्ये उरलेला गाळ असेल. एकदा उघडून बघू द्या." डीएनए काढल्यावर उरलेला गाळ मी जपून ठेवत असे, आणि त्या नळ्यांवरही चिठ्ठ्या त्याच वेळी, त्याच हातानं लिहिलेल्या होत्या. मी म्हणालो, "उद्या ये." तो गेल्यावर मी फ्रीज उघडला. 'बैल' लिहिलेल्या नळीतला गाळ हिरवा होता. रक्त हिरवं नसतं. अक्षर माझं होतं. मी त्या दोन्ही नळ्या नळाखाली धरल्या आणि घासून धुतल्या. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा "माल खराब झाला होता, टाकून दिला" असं सांगितलं. पुढं अहवालात 'विद्यार्थ्याचे आकडे विश्वासार्ह नाहीत' हे वाक्यही मीच लिहिलं. त्या वर्षाअखेर त्यानं शिक्षण सोडलं.

चिठ्ठी चुकणं ही चूक. ती सांगायला मी निघालो होतो. नळ्या धुतल्याचं सांगायचं की नाही, ते गडावरून उतरतानाही माझं ठरलं नव्हतं. या वयात एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं, असं मन सारखं म्हणत होतं.

बीड

युसूफचं दुकान मोटर वाइंडिंगचं. विहिरीतल्या जळलेल्या मोटारी दाराबाहेर ओळीनं पडलेल्या, आत तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास. तो मांडी घालून बसला होता. दाढी पांढरी, चष्मा जाड. त्यानं मला पाहिलं आणि हातातला वेढा पुरा करूनच तार खाली ठेवली.

"सर," तो म्हणाला. "लई वाळलात."

दुकानामागेच घर. बायकोनं खिचडी-खट्टा वाढला: मसुराची पिवळी खिचडी आणि चिंच-तिळाचा आंबट खट्टा. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला किंवा रात्री कंटाळा आला की करतात. इथं दिवस खिचडीनं सुरू होतो आणि तिच्यासोबत पापड, कांदा असा थाट असतो. "सर, और लो. पुण्यात असं मिळणार न्हाई," असं म्हणत वहिनी वाढत राहिल्या. ताट बाजूला सारलं आणि बोललो. चिठ्ठ्या माझ्या होत्या. मात्रा मी चुकलो. तू नाही.

युसूफनं मान हलवली. "ते मला तवाच कळलं व्हतं, सर. अक्षर तुमचं व्हतं."

"मग हॉलमध्ये बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी पुरावा मागितला असता. पुरावा तुमच्या फ्रीजमध्ये." तो सावकाश म्हणाला, "मला त्या मात्रेचं लई लागलं. आमच्या लिपीत एक ठिपका वरचा खाली गेला की शब्द फिरतो. लहानपणी एकेका ठिपक्यासाठी मास्तरांची छडी खाल्लेली. असा माणूस मात्रा बघणार न्हाई व्हय?"

वहिनी आत निघून गेल्या. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "सर, एक सांगा. मी आलतो, तवा तो माल आधीच टाकलेला व्हता, का मी येऊन गेल्यावर टाकला?"

गडावर जे ठरलं नव्हतं ते इथं एका प्रश्नावर येऊन थांबलं. 'आधीच' म्हटलं असतं तर त्यानं ते मानलं असतं. त्याला बहुधा तेच ऐकायचं होतं.

"तू येऊन गेल्यावर," मी म्हणालो. "उघडून पाहिलं. हिरवं दिसलं. मग धुतलं."

तो उठला. दुकानात जाऊन एक मोटर उगाच या जागेवरून त्या जागेवर ठेवली. मला वाटलं, आता 'जा' म्हणेल. पण परत आला, तो पायात चपला घालूनच.

"मला सांगून काय उपेग? मला अर्धं म्हाईतच व्हतं. भाईजानला सांगा. अब्बा गेल्यावर त्यानं शाळा सोडून गाडा धरला, मला शिकवलं. त्याला लोकांनी सांगितलं, तुझ्या भावानं खोटे आकडे लिहिले, म्हणून काढला. त्यानं मला कधी विचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. आजबी आमच्यात ते तसंच हाय. चला."

त्याच्या थोरल्या भावाचा, हनीफभाईंचा, फळांचा गाळा बाजारात. सीताफळांच्या डोंगरापुढं ते उकिडवे बसले होते. पिकलेली एकीकडे, कडक दुसरीकडे, बोटानं नुसतं दाबून. आजूबाजूला गिऱ्हाईकं, दोन हमाल, शेजारचे केळीवाले.

"भाईजान, हे माझे सर. यांना काही बोलायचंय."

हनीफभाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बोला की मास्तर. बाजार हाय. इथं कोण न्हाई बोलत?"

मी उभ्यानंच बोललो. परिसंवादात बोललो होतो तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. तो तेवढा निघाला नाही. चिठ्ठी, मात्रा, फ्रीज, धुतलेल्या नळ्या, अहवाल, सगळं सांगितलं. युसूफचे आकडे खरे होते, खोटा मी होतो, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मधूनच एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

हनीफभाईंच्या हातात एक सीताफळ होतं. त्यांचा अंगठा त्यात रुतला तरी त्यांना कळलं नाही.

"अम्मी गेली," ते म्हणाले. "जाईपर्यंत म्हणायची, हनीफ, असं कसं केलं रे पोरानं? मी म्हणायचो, जाऊ दे अम्मी, झालं ते झालं." मग माझ्याकडे वळून, "तवा आला असता तर काय व्हतं, मास्तर? बीड काय दिल्ली हाय?"

माफी मागितली, ती त्यांनी घेतलीही नाही आणि परतही केली नाही. हात पुसून ते भावाला म्हणाले, "मला एवढं सांग. ते बैलाचं न् बेलाचं तू काय मोजलं व्हतं? मला कुणीच सांगितलं न्हाई ते. त्या दिवशी काय सांगणार व्हता तू?"

"आता? इथं?"

"हौ. बोल."

युसूफ लाजला. त्याची दाढी पांढरी झालेली. तरी तो लाजला. मग केळीच्या रिकाम्या क्रेटवर एक पाय ठेवून सुरुवात केली. सगळ्या जिवांत चार चिजा, दोघा-दोघांची जोडी. एका जोडीला दोन गाठी, दुसरीला तीन. तीन गाठींची जोडी तोडायला जास्त उष्णता लागते. म्हणून पाणी हळूहळू तापवायचं, आणि कितीला जोड्या सुटतात ते बघायचं. ज्या जातीत तीन गाठींच्या जोड्या जास्त, ती उशिरा सुटते.

"इथंबी जात आलीच का!" केळीवाला म्हणाला, आणि हमाल हसले.

"ही जात येगळी, मामू," युसूफ म्हणाला. "ही धुऊन जात न्हाई, अन् बदलतबी न्हाई." गर्दी वाढत होती. त्याचा आवाज मोठा होत गेला. ज्वारी सांगितली, कोंबडी सांगितली, मातीतला जिवाणू सांगितला, जो सगळ्यांत उशिरा सुटला होता. एकाही आकड्याला तो अडखळला नाही. शेवटी बैल आणि बेल. ते दोन आकडे सांगून तो थांबला. हात मागं बांधले आणि मी वर्गात शिकवलेल्या जुन्या पद्धतीनं, शुद्ध भाषेत म्हणाला, "कोणाला काही प्रश्न असतील तर विचारावेत."

कोणी विचारलं नाही. हनीफभाईंनी बोटानं मला खूण केली. "मास्तर, तुमी विचारा."

त्या दिवशी हॉलमध्ये मार्गदर्शक म्हणून मी उठून एवढंच विचारायला हवं होतं. ते मी बीडच्या बाजारात विचारलं.

"बेलाचं प्रमाण बैलाइतकं का आलं?"

"नळीवरची चिठ्ठी चुकली होती, सर," युसूफ म्हणाला. "मोजमाप बरोबर होतं."